गिटारचा आवाज खुलविणारे यंत्र : धंदा हादऱ्यात की हुनरात?

लोणावळा-खंडाळ्याचे पर्यटन वाढले तसे मावळात गिटार हे वाद्य घरोघरी नसले तरी गावोगावी दिसू लागले आहे. पवना धरणाच्या काठावरील तंबूंत शनिवारी रात्री शेकोटी पेटते आणि तिच्याभोवती गिटार वाजते. हॉटेलांच्या हिरवळीवर, निवासी शाळांत, कामशेत-तळेगावच्या महाविद्यालयीन तरुणांच्या खोल्यांत ती भिंतीला टेकून उभी असते. जेथे वाद्य आले तेथे त्याची दुरुस्ती आली, सुटे भाग आले आणि ओघानेच नवनवीन युक्त्याही आल्या.

अशीच एक युक्ती म्हणजे गिटारला कृत्रिम हादरे देऊन तिचा आवाज 'खुलविण्याचे' यंत्र. नवी गिटार दबल्या आवाजाची असते, वर्षानुवर्षे वाजविल्यावर ती मोकळी होते, असे वादक मानतात. मग वर्षांचे हे काम यंत्राने आठवड्यात का उरकू नये, हा त्यामागील विचार. विजेचे व लाकडाचे थोडेफार काम येणाऱ्या तरुणाला असे यंत्र घरीच बनवून विकावे, निदान भाड्याने द्यावे, असे वाटणे साहजिक आहे. भांडवल थोडे, जागा नको, परवाना नको. या धंद्यात खरोखर काही दम आहे काय, हे आम्ही येथे तपासून पाहणार आहोत.

यंत्र आहे तरी काय?

घरगुती यंत्राचे तीन प्रकार आढळतात. पहिला प्रकार शोभेच्या माशांच्या काचपेटीत हवा सोडणाऱ्या छोट्या पंपाचा. हा पंप दोनशे ते पाचशे रुपयांत मिळतो. तो तारांना किंवा ब्रिजला टेकवून बांधतात आणि दिवसरात्र चालू ठेवतात. दुसरा प्रकार खेळण्यातील लहान मोटारीचा. तिच्या दांड्यावर एका बाजूला वजन बसविले की मोटार फिरताना थरथरते. तिसरा प्रकार स्पीकरचा. गिटारसमोर स्पीकर ठेवून किंवा स्पीकरची मोटार फळीलाच चिकटवून तासन् तास संगीत लावले जाते.

परदेशात 'टोनराइट' नावाचे तयार यंत्र विकले जाते. ते तारांवर बसवून अनेक दिवस सतत चालवायचे असते. त्याची किंमत दीडशे डॉलरच्या आसपास, म्हणजे रुपयांत बारा हजारांच्या पुढे जाते. बारा हजारांचे काम तीनशे रुपयांत होत असेल तर कोणालाही मोह पडणारच. विजेचाही प्रश्न नाही. पाच वॉटचा पंप सात दिवस अखंड चालविला तरी एक युनिटही वीज जळत नाही.

पण येथेच एक साधा हिशेब आड येतो. आपल्याकडील विजेची आवर्तने सेकंदाला ५० असतात, म्हणून हा पंपही मुख्यतः त्याच वेगाने थरथरतो. गिटारच्या सर्वांत जाड तारेचा स्वर सेकंदाला सुमारे ८२ कंपनांचा असतो. तिच्या पोटातील हवेचा मूळ नाद साधारण शंभरच्या घरात आणि पुढच्या फळीचा दोनशेच्या आसपास असतो. म्हणजे पंपाची मूळ थरथर गिटारच्या स्वभावाशी जुळतच नाही. तिच्या पटीतील १०० किंवा १५० ची कंपने पोचतात तेवढीच पोचतात. पंप गुरगुरतो, गिटार हलते, पाहणाऱ्याला काहीतरी घडते आहे असे वाटते. वस्तुतः ज्या कंपनांनी फळी खऱ्या अर्थाने बोलते, ती तिला फारशी मिळतच नाहीत.

शास्त्राची साक्ष

हादऱ्यांचा लाकडावर काहीच परिणाम होत नाही, असे मात्र कोणी समजू नये. १९९६ साली 'नेचर' या प्रसिद्ध नियतकालिकात हंट आणि बाल्सां या संशोधकांनी आपले निष्कर्ष मांडले. दमट हवेत लाकडाला सतत कंपने दिली तर त्याचा ताठपणा किंचित वाढतो आणि कंपन गिळून टाकण्याची त्याची वृत्ती कमी होते, असे त्यांना आढळले. अमेरिकेतील व्हायोलिन-संशोधक कार्लीन हचिन्स यांनीही त्याच दशकात दीर्घकाळ वाजविल्याचा परिणाम मोजता येतो, असा दावा केला होता. यंत्रविक्रेते या संशोधनाकडे बोट दाखवितात ते यामुळेच.

परंतु लाकडाच्या पट्टीत यंत्राला फरक दिसणे आणि पूर्ण वाद्यात माणसाच्या कानाला फरक ऐकू येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे एकाच लाकडाची दोन व्हायोलिने बनवून घेण्यात आली. एक संग्रहालयात जपून ठेवले, दुसरे व्यावसायिक वादकाने नियमित वाजविले. तीन वर्षांनंतर वादकांना व श्रोत्यांना विचारले असता दोहोंत ठाम म्हणता येईल असा फरक आढळला नाही. हा अहवाल २००५ साली प्रसिद्ध झाला. २०१४ साली 'सावार्ट जर्नल' या वाद्यविज्ञानाच्या नियतकालिकात खुद्द गिटारवरचा प्रयोग आला. तयार यंत्राने हादरे दिलेल्या गिटारी व न दिलेल्या गिटारी, कोणती कोणती हे न सांगता वादकांच्या हाती दिल्या. त्यांना त्या ओळखता आल्या नाहीत. उपकरणांनी केलेल्या मोजमापातही लक्षणीय बदल सापडला नाही.

सारांश, परिणाम असलाच तर तो इतका बारीक आहे की त्याच्या भरवशावर गिऱ्हाईकाकडून पैसे घेता येत नाहीत.

मग ज्यांनी यंत्र वापरले ते 'आवाज खुलला' असे शपथेवर का सांगतात? ते खोटे बोलतात असे आमचे म्हणणे नाही. यंत्र लावण्यापूर्वी अथवा नंतर बहुतेक जण तारा बदलतात, आणि नव्या तारांइतका फरक दुसरे काहीच करीत नाही. पैसे खर्च केले की कानही उदार होतो. तिसरे कारण आमच्या मावळाला विशेष लागू पडते. ते म्हणजे हवा.

मावळची हवा हेच मोठे यंत्र

लोणावळ्यात वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. धुके खिडकीतून घरात शिरते, कपडे आठ-आठ दिवस वाळत नाहीत, भिंतींना बुरशी धरते. मावळातच पूर्वेकडे तळेगाव-देहूरोडच्या दिशेने सरकले की पाऊस झपाट्याने कमी होतो. एकाच तालुक्यात दोन हवामाने नांदतात.

गिटारची पुढची फळी जेमतेम अडीच ते तीन मिलिमीटर जाडीची असते. सहा पोलादी तारांचा मिळून सत्तर किलोच्या आसपासचा ओढा ती रात्रंदिवस सोसत असते. गिटारला हवेतील आर्द्रता ४५ ते ५५ टक्के मानवते. लोणावळ्याच्या श्रावणात ती कित्येक दिवस नव्वदीच्या पुढे असते. लाकूड पाणी पिते, फुगते आणि जड होते. फळीला पोट येते, त्यामुळे ब्रिज वर उचलला जातो. तारा मानेपासून दूर जातात, बोटे दुखू लागतात आणि आवाज ओल्या लाकडावर टिचकी मारल्यासारखा बद्द येतो. पोलादी तारांना गंज चढतो तो वेगळाच.

पुढे ऑक्टोबरचे ऊन पडते. हवा कोरडी होते, लाकडातील पाणी उडते, फळी पूर्ववत बसते आणि गिटार मोकळी बोलू लागते. आता कल्पना करा, एखाद्याने सप्टेंबरअखेरीस यंत्र लावले आणि तीन आठवड्यांनी काढले. आवाज खरोखरच सुधारलेला असेल! पण ते काम ऑक्टोबरच्या उन्हाचे, श्रेय मात्र पंपाला. आणि तेच यंत्र जूनमध्ये लावले तर तीन आठवड्यांनी आवाज बिघडलेला असेल. तेव्हा गिऱ्हाईक ऋतूला बोल लावणार नाही, यंत्र देणाऱ्यालाच धरील.

ही गोष्ट धंद्याच्या दृष्टीने फार मोलाची आहे. मावळातील गिटारचा आवाज बिघडतो तो मुख्यतः ओलाव्याने, तारांनी आणि ब्रिज-मानेच्या मापाने. जेथे बिघाड आहे तेथेच दुरुस्ती आहे, आणि जेथे दुरुस्ती आहे तेथेच रोजगार. थरथरत्या पंपाने या तिन्हींपैकी एकही गोष्ट सुधारत नाही.

मिरजेचा धडा

यंत्राशिवाय केवळ हाताने वाद्याचा आवाज खुलविण्याची कला महाराष्ट्रात नवी नाही. तिचा शोध घेण्यासाठी परदेशी जावे लागत नाही, पुण्याहून रेल्वेने मिरज गाठले की पुरे. तेथील सतारमेकर गल्लीत ही कला पिढ्यान् पिढ्या नांदत आहे. या घराण्यांचे मूळ आडनाव शिकलगार. तलवारी-भाल्यांना धार लावणे हा त्यांचा पूर्वापार व्यवसाय. इंग्रजी अंमलात शस्त्रांची गरज उरली नाही, तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब या कारागिराने पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने वाद्यदुरुस्तीला हात घातला आणि दुरुस्तीतून निर्मितीकडे पाऊल टाकले. शिकलगारांचे सतारमेकर झाले. पुढे उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत स्थायिक झाले आणि गाणारे व वाद्य घडविणारे एका गावात नांदू लागले. २०२४ साली मिरजेची सतार आणि मिरजेचा तंबोरा या दोहोंना भौगोलिक मानांकन मिळाले. एका धंद्याची वाट बंद झाली असता हातातील हुनर न टाकता त्याला नवे वळण देणे म्हणजे काय, याचे याहून चांगले उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

या कारागिरांचा आवाज खुलविण्याचा उपाय म्हणजे जवारी. पंढरपूर-मंगळवेढ्याकडील भोपळा, त्यावर बसविलेली लाकडी तबली आणि तबलीवर घोडी. या घोडीच्या सपाट भासणाऱ्या माथ्याला अतिशय सौम्य उतार दिलेला असतो. तार त्याला निसटता स्पर्श करीत कंप पावते, म्हणूनच सतारीला तो झणकार येतो. उतारात केसाएवढा फरक पडला तरी आवाजाची जात बदलते. पंडित रविशंकरांच्या सतारीची जवारी खुली, तर उस्ताद विलायत खाँसाहेबांची बंद, हे रसिक जाणतात. कारागीर कानस फिरवितो, तार चढवितो, ऐकतो, पुन्हा उतरवून कानस फिरवितो. तंबोऱ्यात तारेखाली दोरा सरकवून नेमकी जागा सापडेपर्यंत हेच चालते.

आता व्यापाराच्या नजरेने पाहा. वाजवून वाजवून तारा घोडीत चर पाडतात आणि जवारी बिघडते. ती पुन्हा काढावी लागते. म्हणजे एकदा वाद्य विकले की संबंध संपला, असे होत नाही. तेच गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा येते. ते आले म्हणजे त्याचा शेजारी येतो, त्याचा शिष्य येतो. आवाजातील फरक गिऱ्हाईकाच्या समोर, त्याच्याच कानाने सिद्ध होतो. त्यासाठी शपथ घ्यावी लागत नाही.

सतारीची जी घोडी, तीच गिटारचा ब्रिज आणि त्यावरील सॅडल नावाची पट्टी. गिटारला जवारी नसते, उलट तार सॅडलवरून स्वच्छ सुटावी लागते. पण कानस तीच, कान तोच आणि संयमही तोच. सॅडल अर्धा मिलिमीटर उतरविल्यावर वाजविणाऱ्याच्या चेहऱ्यावर जे समाधान उमटते, ते सात दिवस पंप चालवूनही उमटत नाही.

हिशेब मांडून पाहू

लोणावळा-मावळातील एखाद्या होतकरू तरुणाने गिटार देखभालीचे काम सुरू करावयाचे ठरविले तर त्याला काय लागेल? बारीक-जाड कानशी, पोलादी मोजपट्टी, फटी मोजण्याचे गेज, मानेतील सळई फिरविण्याच्या चाव्या, स्वर जुळविण्याचे छोटे उपकरण, चांगल्या तारांचे काही संच, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रता दाखविणारे एखादे मापक. हे सर्व काही हजार रुपयांत जमते. दुकान नसले तरी चालते, एक पिशवी व दुचाकी पुरे.

समजा, दहा हॉटेले व तंबू-मुक्कामांशी त्याने बोलणी केली आणि प्रत्येकाकडे दोन गिटारी आहेत. वर्षातून दोन वेळा, पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर, प्रत्येक गिटारची देखभाल ठरली तर चाळीस कामे पक्की झाली. त्यात तारांची विक्री आली, फुटकळ दुरुस्ती आली, शाळांची व शिकणाऱ्यांची कामे आली. एवढ्यावर संसार चालेल असे आम्ही म्हणत नाही. पण सुतारकाम, रेडिओ-मोबाइल दुरुस्ती किंवा वाद्यविक्री करणाऱ्याला ही जोडकमाई निश्चित आहे. मुख्य म्हणजे ती दर पावसाळ्याला परत येणारी आहे. कोकण-घाटाचा पाऊस हा या धंद्याचा कायमचा भागीदार समजावा.

यंत्र भाड्याने देण्याचे गणित याच्या उलट आहे. गिऱ्हाईक एकदा येईल. फरक पडला नाही तर पुन्हा येणार नाही आणि चार जणांना सांगेल. फरक पडल्यासारखा वाटला तरी पुन्हा येण्याचे त्याला कारण नाही. शिवाय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. 'आवाज दुप्पट खुलेल, हमखास खात्री' अशी पाटी लावणे सोपे आहे, ती सिद्ध करणे कठीण.

तरीही करून पाहायचेच असेल तर

प्रयोग करणे वाईट नाही, प्रयोगातूनच कारागीर घडतो. ज्यांना हे यंत्र बनवून पाहायचे आहे त्यांनी काही पथ्ये अवश्य पाळावीत.

घरच्या विजेवर थेट चालणारा पंप बांधण्यापेक्षा पाच व्होल्टवर चालणारी छोटी मोटार वापरावी. वीज जाते-येते अशा ठिकाणी, चिकटपट्टीने जोडलेल्या वायरी लाकडी वाद्याला बांधून रात्रभर सोडून झोपणे म्हणजे आगीला आमंत्रण देणे होय. मोटार तापत असेल तर ताबडतोब बंद करावी. रबर गिटारला थेट लावू नये. काही प्रकारच्या लॅकरवर त्याचे डाग पडतात ते निघत नाहीत. मध्ये लोकरी कापड ठेवावे. फळीला काहीही गोंदाने चिकटवू नये.

आपली गिटार अखंड लाकडाची आहे की प्लायवूडची, हे आधी पाहावे. स्वस्त गिटारींची फळी बहुधा प्लायवूडची असते. तिचे थर गोंदाने जखडलेले असतात आणि वयाने खुलणे हा गुण तिच्यात मुळातच कमी असतो. तिला हादरे देण्यात वेळ घालवू नये.

आणि प्रयोग करायचा तर तो खरा करावा. एकाच नमुन्याच्या दोन गिटारी घ्याव्यात. दोहोंना एकाच दिवशी सारख्याच नव्या तारा लावाव्यात. एकीला यंत्र लावावे, दुसरी त्याच खोलीत नुसती ठेवावी, म्हणजे हवा दोहोंना सारखीच लागेल. शेवटी मित्राने पडद्याआड आलटून पालटून दोन्ही वाजवाव्यात आणि आपण कागदावर लिहीत जावे. वीस वेळांपैकी दहा-बारा वेळाच ओळखता आले तर ते नाणे उडविण्यासारखेच झाले. दुसऱ्याची गिटार प्रयोगाला घेऊ नये. घेतलीच तर आधी तिच्या स्थितीची लेखी नोंद दोघांच्या सह्यांनी करावी.

वादकांसाठी चार शब्द

ज्यांना धंदा करायचा नाही, केवळ आपली गिटार नीट ठेवायची आहे, त्यांनी पावसाळ्यात ती भिंतीवर टांगू नये. खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवावी व पुड्या महिन्याला वाळवाव्यात. वाजविल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसाव्यात. मुंबई-पुणे प्रवासात थांबताना उन्हात उभ्या गाडीत गिटार ठेवू नये, तापलेल्या गाडीत ब्रिजचा गोंद सुटतो. आणि रोज अर्धा तास वाजवावी. गिटार खुलो न खुलो, वाजविणाऱ्याचा हात खुलतो आणि ऐकणाऱ्याला तेवढेच पुरते.

लाकूड मुरविण्याचे खरे काम कारखान्यांत होते. यामाहासारख्या कंपन्या उष्णता, आर्द्रता व दाब यांचे नियंत्रण करून फळीचे लाकूडच बदलतात. ते घरच्या पंपाचे काम नव्हे. आमच्या तरुणांनी ज्यात आपला हात चालतो तेच धरावे. मिरजेच्या शिकलगारांनी तलवारीची धार सोडून घोडीची धार धरली आणि त्यांच्या पिढ्या तरल्या. मावळात आज गिटारी आहेत, पाऊस आहे आणि दुरुस्ती करणारे हात थोडे आहेत. जो कानस उचलील त्याला काम आहे.